आमच्या घरातला संप

२०२१ ची दिवाळी नुकतीच झाली होती आणि एसटीचा संप चालू होता. मी लातुरात राहतो आणि माझी शाळा औशाच्या पुढं आहे. रोजची गाडी बंद, म्हणून एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून जायचो आणि संध्याकाळी घरी आलो की व्हरांड्यात काचेच्या पट्ट्या, पीव्हीसी पाइप, एल्बो, टी आणि सिलिकॉनच्या नळ्या मांडून बसायचो. शेजारच्या काकूंनी दोन-तीन दिवस नुसतं बघितलं आणि मग आईला विचारलंच, "सर काय करलालेत ओ एवढं?"

"संप करलालाय," आई म्हणाली.

"सर बी? त्यांचा तर पगार वेळेवर हाय की."

पुढचे आठ दिवस मी गल्लीत संपावर होतो.

घोळ शब्दाचाच आहे. मराठीत त्या जागेवर कामगारांनी केव्हाच रुमाल टाकून ठेवलाय. सीमेपलीकडं कर्नाटकात जमिनीतल्या पाण्याच्या टाकीला सर्रास संप म्हणतात, आपण हौद म्हणतो. माझा संप म्हणजे माशांच्या टाकीखाली, स्टँडच्या कपाटात दडवलेली दुसरी काचेची टाकी. वरच्या टाकीतलं पाणी ठरावीक उंचीवर गेलं की पाइपातून आपोआप खाली उतरतं, खालच्या टाकीत कप्प्याकप्प्यांतून फिरत गाळलं जातं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. फिल्टर, नळ्या, वायरी, जे जे बघायला बरं दिसत नाही ते सगळं खाली. पाहुण्यांना दिसतात फक्त मासे.

हे सगळं दुकानात तयार मिळतं. माझ्या पगारात ते बसत नव्हतं हे एक कारण झालं. दुसरं कारण सांगायला २०१६ मध्ये जावं लागेल.

तेव्हा माझ्याकडं दोन फुटांची साधी टाकी होती, पन्नासेक लिटरची, टीव्हीशेजारी. चार गोल्डफिश. त्या वर्षी लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये लातुरात जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. मास्तराचं डोकं, ते लगेच भागाकार करायला लागलं. पाच लाख लिटर भागिले गावाची लोकसंख्या, म्हणजे माणशी जेमतेम तांब्याभर. नंतर वाघिणी वाढल्या, ५० झाल्या, पण तो पहिला तांब्या काही डोक्यातून गेला नाही.

त्याच आठवड्यात याच काकू घागर मागायला आल्या होत्या. आईनं दिली. घागर कमरेवर घेऊन जाताना त्या टीव्हीपाशी थांबल्या, टाकीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "छान हायत मासे." बस्, एवढंच. त्यात टोमणा होता असं मला आजही वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी चारही मासे पिशवीत घालून एका दुकानदाराला फुकट देऊन आलो. पाणी आईनं भांड्यांना वापरलं, आणि रिकाम्या टाकीत पुढची पाच वर्षं मुलांच्या चाचणीचे पेपर होते.

२०२१ च्या सप्टेंबरात मांजरा इतकं भरलं की दरवाजे उघडावे लागले. त्याच सुमारास बदली होऊन निघालेल्या एका गृहस्थांनी त्यांची चार फुटी टाकी मला स्वस्तात देऊ केली. चार बाय दीड बाय दीड, १० मिलिमीटरची काच. मी रिक्षाटेम्पोत घालून घरी आणली. आईनं पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. मी हिशेब सांगितला. पाणी सव्वादोनशे लिटर, खालच्या टाकीतलं ऐंशी, काच, वाळू, लोखंडी स्टँड, सगळं मिळून चार क्विंटलच्या आसपास. म्हणजे चार क्विंटल सोयाबीन चार फुटांच्या जागेत.

"आन् हाललं तर?"

तिचं माहेर किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवल्यानंतरच्या त्या पहाटे, ती माहेरी होती. हाललं तर, याचा तिच्या तोंडी एकच अर्थ असतो. मी स्टँड भिंतीला क्लँपनं जखडला. पायाखाली रबर घातलं. ती काही बोलली नाही, पण तिनं आपलं अंथरूण पलीकडच्या खोलीतून याच खोलीच्या दाराशी आणलं. मला वाटलं, जड काचेवर लक्ष ठेवायला.

आता पाण्याचं. माशांच्या दुकानात कुठंही जा, एकच सल्ला मिळतो: दर रविवारी निम्मं पाणी बदला. सल्ला चुकीचा नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या दाण्यातून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्यामानानं सौम्य. पण नायट्रेट साठत जातं. ते काढायला एक तर पाणी फेका, नाही तर ते खाणारं कुणी तरी ठेवा. निम्मं पाणी म्हणजे एकशे दहा-पंधरा लिटर, सात-आठ घागरी, दर रविवारी. आमच्या नळाला पाणी येतं आठ दिवसांनी. लातूरच्या माणसानं हा सल्ला ऐकून घ्यावा आणि मुकाट्यानं दुकानाबाहेर पडावं.

म्हणून संप. आणि संपात रेफ्यूजियम.

रेफ्यूजियम ही मुळात समुद्री टाक्या ठेवणाऱ्यांची युक्ती. संपातला एक कप्पा मोकळा ठेवायचा, तिथं शेवाळ वाढवायचं आणि वर दिवा लावायचा. समुद्रवाले त्यात केटोमॉर्फा नावाचं, घासणीच्या तारेसारखं गुंतलेलं हिरवं शेवाळ ठेवतात. शेवाळ नायट्रेट, फॉस्फेट खाऊन वाढतं. मूठभर उपटून फेकलं की तेवढी घाण टाकीबाहेर. त्या गुंत्यात बारीक जीव वाढतात, कारण तिथं त्यांना खायला मासा नसतो. लातुरात कसला समुद्र? पण युक्ती गोड्या पाण्यातही चालते, फक्त वनस्पती बदलायची. आणि मला ती हवीच होती, कारण मी ठेवणार होतो मलावी सरोवरातले पिवळे सिक्लिड. आमचं बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं, क्षारांनी जड असतं, बादलीला पांढरा थर धरतं. त्यात डिस्कससारखे नाजूक मासे ठेवायचे म्हणजे रोज पाण्याशी मारामारी. सिक्लिडला अल्कधर्मी पाणी मानवतं. पण हे गडी टाकीत लावलेली हिरवळ उपटून टाकतात. मग हिरवळीला वेगळं घर पाहिजे.

पहिलं काम काचेला भोक पाडायचं. टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेला भोक पडत नाही, ती भुगा होऊन बसते. साध्या काचेला पडतं, पण हिऱ्याच्या कणांचं होल सॉ लागतं आणि काच सतत पाण्याखाली थंड ठेवावी लागते. गंजगोलाईच्या, म्हणजे आमच्या मोठ्या बाजारपेठेच्या मागं एक काचवाले चाचा आहेत. त्यांनी घरी येऊन टाकी बघितली, बोटानं काच वाजवली आणि म्हणाले, "सर, फुटली तर माझ्यावर नाही." मी म्हटलं, माझ्यावरही नको. पाणी धरून ठेवायला भोकाभोवती आळं करावं लागतं. चाचा त्यासाठी मुलांची चिकणमाती वापरतात. ती त्या दिवशी संपली होती. आईनं आतून भाकरीचं पीठ मळून आणलं. चाचांनी एक चिमटी काचेला चिकटवून बघितली, नको म्हणाले, ज्वारीचं पीठ विरतं. मग कणिक आली. कणकेचं आळं, त्यात वाटीभर पाणी आणि चाचांचं ड्रिल. एका भोकाला वीसेक मिनिटं लागली. तेवढ्या वेळात माझ्या पोटात जे झालं ते दहावीच्या निकालालाही झालं नव्हतं. शेवटच्या क्षणी काचेची गोल चकती खणकन् खाली पडली. चाचांनी ती माझ्या हातात ठेवली. अजून आहे, पेपरवेट म्हणून.

भोकं दोन पाडली, हे शहाणपण मात्र मी व्हिडिओ बघूनच शिकलो होतो. एका पाइपावर गेट व्हॉल्व्ह असतो. तो हळूहळू आवळत जायचं, पाइपातली हवा निघून जाते आणि पाणी पूर्ण भरून, आवाज न करता उतरतं. या जोडीला हौशी लोक हर्बी म्हणतात. दुसरा पाइप कोरडाच उभा, बोटभर उंच. पहिल्यात काही अडकलं तर पाणी याच्यातून जावं म्हणून. वर्गात मुलांना हे सांगायची वेळ आली तेव्हा मी नळदुर्गच्या सहलीची आठवण काढली. बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. पावसाळ्यात नदी चढली की पाणी बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी कोसळतं, नर आणि मादी. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. तिथल्या खिडकीत बसलं की समोरून अख्खी नदी पडत असते आणि आपल्या अंगावर शिंतोडाही येत नाही. नदी अडवणारे पुष्कळ होते; जास्तीचं पाणी कुठून जाणार हे आधी ठरवणारे कमी. एक पोरगं म्हणालं, "सर, तुमच्या टाकीला नर-मादी हाय म्हना की." हाय म्हटलं.

खालची टाकी मी स्वतः जोडली. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. काच कापून चाचांनी दिली, जोडकाम माझं. सिलिकॉन घेताना एक जपायचं: न्हाणीघरासाठीच्या, बुरशी येऊ नये म्हणून औषध घातलेल्या सिलिकॉनवर मासे मरतात. साधं, व्हिनेगरसारखा वास मारणारं घ्यायचं आणि घाई न करता वाळू द्यायचं. घरात आठवडाभर लोणच्याच्या बरणीत बसल्यासारखं वाटत होतं. आत चार आडव्या काचा. पहिल्या कप्प्यात पाणी पडणार आणि गाळलं जाणार. पुढं जिवाणूंचं घर. त्यासाठी महागड्या सिरॅमिक रिंगा मिळतात, मी भांडी घासायच्या प्लास्टिकच्या दोन डझन घासण्या आणल्या. जिवाणूला चिकटायला पृष्ठभाग आणि श्वासाला वाहतं पाणी एवढंच लागतं, त्याला घासणीची किंमत कळत नाही. मग रेफ्यूजियम. मग इंचा-इंचाच्या फटीतून पाण्याला वर-खाली-वर करायला लावणाऱ्या काचा, त्यात बुडबुडे मरतात. आणि शेवटी पंप. खोक्यावर तासाला तीन हजार लिटर लिहिलेला पंप चार फूट उंच चढवताना तेवढं काही देत नाही, पण पुरतो. चाळीस वॅटचा आहे. दिवसाला जवळपास एक युनिट, बायकोनं हा आकडा लक्षात ठेवलाय.

गाळणीची गोष्ट वेगळी सांगायला पाहिजे. पहिल्या कप्प्यात मोज्यासारखी एक पिशवी असते, तीत विष्ठा, कचरा अडकतो. बाजारात दोनशे मायक्रॉनच्या, असल्या-तसल्या मिळतात. आई म्हणाली, फडकं पाहिजे म्हण की. तिनं वडिलांच्या जुन्या धोतराचं दुहेरी फडकं घेऊन पिशवी शिवली, तोंडाला नेफा घालून. इतकं बारीक गाळायची की दोन दिवसांत तुंबून पाणी वरून वाहायला लागलं. मग तिनं तीन शिवल्या. एक टाकीत, एक धुण्यात, एक दोरीवर. आमच्या दोरीवर आजही कपड्यांच्या रांगेत एक धोतराचा मोजा असतो आणि नवा पाहुणा त्याच्याकडं बघून काही विचारत नाही.

पहिल्याच रात्री लाईट गेली.

हे कधी तरी होणार ते मला माहीत होतं. पंप थांबला की वर चढणारा पाइप उलटा होतो, वरचं पाणी सायफन होऊन खाली यायला लागतं आणि पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत येत राहतं. वहीत मी लिहूनही ठेवलं होतं. फक्त पाइपाचं तोंड पाण्याखाली किती आहे ते मोजलं नव्हतं. ते होतं आठ सेंटिमीटर. वरच्या टाकीचा एक सेंटिमीटर म्हणजे साडेपाच-पावणेसहा लिटर. आठ सेंटिमीटर म्हणजे पंचेचाळीस लिटर. खाली जागा होती विसाची. उरलेलं पंचवीस लिटर फरशीवरून आईच्या अंथरुणाकडं निघालं.

मी जागा झालो तेव्हा अंधारात सुपलीचा आवाज येत होता. आई कचऱ्याच्या सुपलीनं पाणी भरून बादलीत टाकत होती. मी फडकं आणायला धावलो तर म्हणाली, "पुसू नकोस, आधी भरून घे." दीड घागर निघाली. सकाळी ती जास्वंदीला गेली. मी पाइपाला पाण्याच्या पातळीच्या बोटभर खाली एक बारीक भोक पाडलं. लाईट गेली की पातळी भोकापर्यंत उतरते, भोकातून हवा शिरते, गुळगुळ आवाज होतो आणि सायफन तुटतो. मिनिटभराचं काम. खालच्या टाकीवर मार्करनं रेघ मारली: चालू पंपावर पाणी याच्या वर नको. बाजारात पाणी उलटं येऊ न देणारे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह मिळतात, पण त्यांत कचरा अडकला की ते उघडेच राहतात. भोकाला झिजायला काही नसतं. तेव्हा मी असं मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं.

रेफ्यूजियममध्ये मी मनी प्लांटच्या मुळ्या सोडल्या, पानं कपाटाबाहेर काढून. पाण्यात हॉर्नवर्ट नावाच्या पाणवनस्पतीचा गुंता टाकला. वर बारा वॅटचा एलईडी. हा दिवा रात्री दहाला लागतो आणि सकाळी आठला विझतो, वरच्या टाकीच्या बरोबर उलटा. वर अंधार झाला की वनस्पतींचं काम थांबतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाण्याची आम्लता हलते; तेव्हा खालचं रान जागं असलं की पाणी रात्रभर सारखं राहतं. आईला आधी हे पटेना. मासे झोपल्यावर कपाटात उजेड कशाला? मी समजावून सांगत होतो, आणि लेकीनं मध्येच विचारलं, "रेफ्यूजियम म्हणजे काय ओ पप्पा?" मी म्हटलं, आश्रयाची जागा. बारक्या जिवांना वर मासे खातात, तर खाली त्यांना कुणी त्रास देत नाही. तिथं ते वाढतात, पिलं घालतात.

"म्हणजे माहेर की," आई म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. ती मनी प्लांटचं पिवळं पान खुडत होती. तेव्हापासून आमच्याकडं त्या कप्प्याला माहेर म्हणतात. मी तो शब्द स्वतःहून वापरला नसता.

महिन्याभरात माहेर भरलं. हॉर्नवर्टबरोबर गोगलगाई आल्या. काचेवर पांढरे ठिपके झटके देत पळताना दिसायला लागले. लेकीनं शाळेचं भिंग लावून एक बशीत पकडला: नाशपातीच्या आकाराचा, डोक्यावर एकच लाल डोळा, शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. सायक्लॉप्स. माशांच्या पिलांना याच्यासारखा खुराक नाही. मी खुशीत आईला बोलावलं. तिनं भिंगातून बघितलं, नाव विचारलं आणि मग शांतपणे म्हणाली, "ह्येच ते नारूचं किडं."

बरोबर होतं तिचं. आमच्या आजोबांच्या नडगीवर शेवटपर्यंत एक डाग होता. ते सांगायचे, बारवेत पायऱ्या उतरून पाणी भरायचं आणि तसंच प्यायचं. त्या पाण्यातला सायक्लॉप्स नारूची अळी पोटात घेऊन असतो. पाण्याबरोबर तो माणसाच्या पोटात जातो, अळी वाढते आणि वर्षभरानं पायाला फोड येऊन त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढतो. तो ओढायचा नाही, तुटला की पाय सुजतो. काडीला गुंडाळत रोज बोटभर काढायचा. आग शमवायला माणूस पाय बारवेच्या पाण्यात सोडून बसतो आणि जंत तिथंच अळ्या सोडतो. चक्र पूर्ण. यावर औषध नव्हतंच. १९८०च्या दशकात देशभर मोहीम निघाली तेव्हा काम केलं ते बारवांऐवजी हातपंपांनी, पाण्यात टाकायच्या औषधानं आणि फडक्यानं. सायक्लॉप्स डोळ्याला दिसेल एवढा मोठा असतो, दुहेरी फडक्यातून जात नाही. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ ला राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. आई सासरी आली तेव्हा सासऱ्यांनी तिला सांगितलेलं पहिलं काम होतं, घागरीला फडकं दुहेरी बांधत जा. नळ आला, फिल्टर आला, तरी आमच्या माठावर ते अजून आहे. मला ती सवय वाटत होती.

मी म्हटलं, आता नारूच नाही तर सायक्लॉप्सचं काय भ्यायचं. अळी नसलेला सायक्लॉप्स म्हणजे नुसता किडा. ती म्हणाली, ठीक आहे, तुझ्या माशाला घाल. पण त्या दिवसापासून टाकीत हात घातला की ती मला कोपरापर्यंत साबण लावायला लावते.

नायट्रेटचं कळलं ते अपघातानं. टाकीचं पाणी तपासायला मी थेंबांचा किट आणला होता. पिवळं आलं तर उत्तम, लाल जसजसं गडद तसतसं वाईट. सुरुवातीचे पाच आठवडे जिवाणू बसेपर्यंत रंग बघून जीव मुठीत. चौथ्या महिन्यात मनी प्लांट खिडकीपर्यंत गेला तेव्हा नळी फिकट नारिंगी, नायट्रेट लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास. आनंदाच्या भरात मी सहज दुसऱ्या नळीत बोअरचं पाणी घेतलं. ते लाल झालं, चाळीस आणि ऐंशीच्या मधलं. पुन्हा केलं, तेच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. शेतातली खतं, गोठे, शोषखड्डे, सगळं झिरपून बोअरमध्ये उतरतं. म्हणजे नळाला पाणी नसेल तेव्हा बोअरचं प्यायची वेळ यायची त्या दिवसांत माझ्या माशांचं पाणी आमच्यापेक्षा बरं होतं. आई तर ते उकळून ठेवायची. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही; पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं. हे तिला सांगायला मला दोन दिवस लागले. ऐकून ती म्हणाली, "मग आपल्याला बी मनी प्लांट लाव." शेवटी आरओ घेतला, तो बऱ्यापैकी काढतो. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला आणि भांड्यांना.

हिशेबाची वही मी ठेवतो, कारण काकू कधी तरी विचारतील असं मला अजून वाटतं. एप्रिल-मेमध्ये रोज साडेतीन-चार लिटर वाफ होऊन जातं. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, म्हणून तूट बोअरच्या पाण्यानं भरली तर पाणी दिवसेंदिवस जड होतं. ती आरओच्या पाण्यानं नाही तर गच्चीवरून साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं भरतो. बदलायचं पाणी महिन्याला दोन बादल्या, तेही कढीपत्त्याला आणि जास्वंदीला. समोरच्यांचा कूलर एका रात्रीत माझ्या टाकीच्या दहा दिवसांचं पितो. हे वाक्य मी वहीत लिहिलंय, कुणाला म्हणालेलो नाही. कूलर माणसाला लागतो. टाकी कुणाला लागते? हा रकाना मी कोराच ठेवलाय.

काकूंनी विचारलं नाही. त्या येतात, खुर्ची टाकीसमोर ओढून बसतात आणि भाजी निवडतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी खालचं कपाट उघडायला लावलं. वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वरच्यापरीस ह्येच बरं दिसतंय की."

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री लाईट गेली. मी गाढ झोपेत. आईची हाक आली, "उठ रे. अजून उतरलालंय."

मला आधी कळेना. मग ऐकलं. नेहमीची गुळगुळ आलीच नव्हती. पाणी बिनआवाजी, सरळ खाली चाललं होतं. मोबाईलची बॅटरी लावून बघितलं तर पाइपाच्या त्या बारीक भोकावर गोगलगाय बसलेली, अगदी मापाची, जणू बूचच. नखानं काढली. भोकानं एकदम हवा ओढली, पाइप गुळगुळला आणि थांबला. खालच्या टाकीत काठाला दोन बोटं उरली होती.

लाईट जाऊन किती वेळ झाला ते तिला माहीत होतं. पंप थांबला की तिला जाग येते, आवाज बंद होण्यानं. मग गुळगुळ ऐकू येईपर्यंत ती डोळे उघडे ठेवून पडते आणि ऐकली की झोपते. म्हणजे तीन वर्षं लाईट गेलेल्या प्रत्येक रात्री. हे मला त्या दिवशी कळलं.

मी गोगलगाय तळहातावर धरून तिला दाखवली. "गोगलगाय नि पोटात पाय," ती म्हणाली. ती दारात उभी होती, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात सुपली घेऊन.